पुण्यात एमपीएससी करायला येताय? मग टेन्शन कसं सांभाळायचं ते आधी वाचा

बारावीचं टेन्शन सगळ्यांनी बघितलेलं असतं, पण त्याला निदान तारीख असते, फेब्रुवारी-मार्चात पेपर, मे-जूनपर्यंत निकाल, जे काय व्हायचं ते होतं आणि विषय संपतो. एमपीएससीचं, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या सरकारी पदांच्या परीक्षांचं, तसं नाहीये. जाहिरात कधी येणार, जागा किती असणार, परीक्षा ठरल्या दिवशी होणार का, झाली तर निकाल कधी, निकालावर कोर्टात कोण जाणार, आणि सगळं होऊन यादीत नाव आलं तरी जॉइनिंग कधी, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसतं आणि तुमच्या क्लासच्या सरांकडे पण नसतं, ते फक्त आवाज चढवून बोलतात म्हणून असल्यासारखं वाटतं.

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या एवढ्याशा पट्ट्यात दरवर्षी परभणी, बीड, सोलापूर, बुलढाणा, नंदुरबार कुठून कुठून पोरं-पोरी येतात. कोणतं पुस्तक वाचायचं हे सांगणारे पाऊल ठेवल्या ठेवल्या पन्नास जण भेटतात. ही लटकलेली वर्षं काढायची कशी हे मात्र कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. नुकतेच आलेल्यांसाठी आणि बॅग भरून बसलेल्यांसाठी. ज्यांची चार-पाच वर्षं झालीत त्यांनी थेट शेवटच्या दोन पायऱ्या वाचल्या तरी चालेल.

पायरी १: एसटीत बसायच्या आधी मुदत ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच कोणी करत नाही. राज्यसेवेला, म्हणजे उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, डीवायएसपी अशा पदांच्या परीक्षेला, वयाची अट खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. ऐकायला बरं वाटतं, पण याचा दुसरा अर्थ असा की बावीसाव्या वर्षी आलेल्या पोराला आयोग पुढची सोळा-वीस वर्षं थांब म्हणणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने यूपीएससीसारखी अटेम्प्टची मर्यादा आणायचं जाहीर केलं होतं, खुल्या गटाला सहा वगैरे, नंतर २०२२ मध्ये ते मागे घेतलं. म्हणजे बाहेरून ब्रेक लावणारं कोणी नाही. रूममेट थांब म्हणणार नाही कारण तो स्वतः थांबलेला नाही. क्लासवाला तर म्हणणारच नाही. घरचे म्हणत नाहीत कारण त्यांना वाटतं पोराचं मन मोडेल. मग राहिलं कोण?

तर एक वही घ्या, पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. एक, कुठल्या वर्षीच्या कुठल्या महिन्यापर्यंत पूर्णवेळ करणार. दोन, घरून एकूण किती पैसे घेणार, महिन्याचे नाही, एकूण. तीन, काय झालं तर ही मुदत वाढवणार. तिसरं नीट लिहायचं, "जवळ आलो असेन तर" असं मोघम चालणार नाही, कारण जवळ आलोय असं सगळ्यांनाच वाटतं, एक मार्काने गेली ना भाऊ म्हणणारा प्रत्येक टपरीवर एक भेटतो. त्यापेक्षा असं लिहा: मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो असेन तर एक वर्ष वाढवीन, दोनदा पूर्व, म्हणजे पहिली चाळणी परीक्षाच, निघाली नाही तर नाही.

आणि हे पान घरी दाखवा. आईला आणि वडलांना दोघांनाही, समोर बसवून. आमच्याकडे बापाशी पैशाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा समजतात त्यामुळे अवघड जातं हे माहितीये, पण अण्णा दीड एकर सोयाबीनवर किती वर्षं पाठवू शकतात हे त्यांना आधीच माहिती असतं, फक्त ते बोलत नाहीत. तुम्ही विचारलंत तर सांगतील. ते आकडे ऐकून तुमची मुदत आपोआप खरी होते.

पोरींच्या बाबतीत ही मुदत बहुतेक वेळा घरच्यांनीच ठरवलेली असते, "दोन वर्षं देतो, मग स्थळं बघणार". त्यातले पहिले सहा महिने घर मनवण्यात आणि रूम शोधण्यात जातात, मधे एक परीक्षा पुढे ढकलली जाते आणि बघता बघता दोन वर्षं संपतात. म्हणून ताई, दोन वर्षं कधीपासून मोजायची हे आधीच ठरवून घ्या. परीक्षा पुढे गेली तर तेवढे महिने धरायचे नाहीत हे सुद्धा. मामा किंवा मोठा भाऊ असं कोणीतरी एक माणूस घरात तुमच्या बाजूचं करून ठेवा, तुमच्या पाठीमागे जेव्हा स्थळाची चर्चा होते तेव्हा तो बोलला पाहिजे.

पायरी २: राज्यसेवा की कंबाईन, हे लवकर ठरवा

यावर जास्त बोलत नाही, पण टेन्शनचा अर्धा भाग इथूनच येतो. पूर्वी दोन्ही डगरींवर हात ठेवता यायचा. आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीये, नऊ पेपर, १७५० मार्क, वर मुलाखत २७५ ची. कंबाईन, म्हणजे गट ब आणि गट क च्या पदांची एकत्रित परीक्षा, अजून पर्यायवाली. एकीकडे निबंध आणि लिहिण्याचा सराव, दुसरीकडे तासाभरात शंभर प्रश्न सोडवायचा वेग. दोन्ही करणारे आहेत, पण पहिल्या वर्षाला एकच परीक्षा महत्त्वाची धरा आणि दुसरी नुसती देऊन या. सगळे फॉर्म भरतात म्हणून आपणही भरायचे, तलाठी आली तलाठी, वनरक्षक आली वनरक्षक, यात वर्ष निघून जातं आणि मन कुठेच लागत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. अशा ठिकाणी सहज म्हणून फॉर्म भरून "तिथे पण नाही लागलं" हे ओझं डोक्यावर कशाला घ्यायचं.

पायरी ३: पहिला महिना नुसता बसायचा

आल्या आल्या सगळं एकदम लावू नका. कॉट बेसिसवर रूम घ्या, एका खोलीत चार कॉट, एक कपाट वाटून, तक्रार करायला वाव नसतो पण डिपॉझिट कमी असतं आणि नाही जमलं तर बदलता येतं. मेस पहिल्या पंधरा दिवसाची लावा, महिन्याची नको. क्लासचे पूर्ण पैसे पहिल्या आठवड्यात भरू नका, कोणी कितीही म्हणू दे की उद्यापासून ऑफर बंद. बॅनरवर ज्यांचे फोटो आहेत त्यातला एकच चेहरा तीन-तीन क्लासच्या बॅनरवर दिसेल, जरा चालत फिरून बघा.

अभ्यासिका मात्र नीट बघून घ्या कारण दिवसाचे दहा-बारा तास तिथेच जाणार आहेत. बाहेर चपलांचा ढीग, आत पार्टिशनचे खण, प्रत्येक खणात ट्यूबलाइट आणि मोबाईलचं चार्जर, समोरच्या फळीवर आधीच्या पोराने चिकटवलेल्या चिठ्ठ्या, कलम ३५२, ३५६, ३६०, पंचवार्षिक योजनांची सालं आणि एका कोपऱ्यात पेनाने कोरलेलं "डीवायएसपी" आणि खाली साल. ते साल बघून नवीन माणसाला एकदम धस्स होतं, की हा इथून गेला तो पोस्ट काढून गेला की नुसताच गेला. चिठ्ठ्या काढा, फळी पुसा, आपल्या चिठ्ठ्या लावा. संडास बघा, खिडकी आहे का बघा, पाण्याचा फिल्टर बघा. चोवीस तास चालू आहे हा गुण नाही, उलट रात्री दोनपर्यंत बसण्याची स्पर्धा तिथेच लागते आणि सकाळी अकराला उठलेला माणूस पूर्ण दिवस स्वतःला शिव्या देत बसतो.

पायरी ४: परीक्षा पुढे ढकलली जाणार हे धरूनच चाला

हे निराशेने म्हणत नाही, इतिहास बघा. ५ एप्रिल २०२० ला व्हायची राज्यसेवा पूर्व परीक्षा कोरोनामुळे पुढे जात जात १४ मार्च २०२१ वर आली, आणि तीन दिवस आधी, ११ मार्चला परत पुढे ढकलल्याचं आलं. त्या दिवशी शास्त्री रोडवर पोरं रस्त्यावर उतरली, मग २१ मार्चला ती झाली. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची पूर्व परीक्षा बँकेच्या आयबीपीएसच्या परीक्षेशी टक्कर होत होती म्हणून परत आंदोलन, परत पुढे, ती झाली १ डिसेंबरला. पास होऊन तरी सुटका आहे का, तर २०१९ च्या राज्यसेवेतून निवड झालेले ४१३ जण मराठा आरक्षणाच्या कोर्टातल्या प्रकरणामुळे निकालानंतर वर्षभराहून जास्त नियुक्तीची वाट बघत होते. तहसीलदार म्हणून गावात सत्कार झालेला आणि हातात ऑर्डर नाही.

तेव्हा तारीख पुढे गेली की काय करायचं हे आत्ताच लिहून ठेवा, तेव्हा सुचत नाही. माझ्या मते असं करायचं. बातमी आली त्या दिवशी अभ्यास होणार नाही हे मान्य करून टाकायचं, उगाच पुस्तक उघडून स्वतःला छळायचं नाही. आयोगाच्या वेबसाइटवरचं पत्रक स्वतः वाचायचं, कोणी पाठवलेला स्क्रीनशॉट नाही. आंदोलनाला जायचं असेल तर जा, मागणी पटली असेल तर जावंच, पण परत यायची वेळ ठरवून जा आणि गुन्हे दाखल होतील असं काही करू नका, पुढे चारित्र्य पडताळणी असते. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन या, दोन दिवस. आणि चौथ्या दिवशी परत त्याच खणात, पण प्लॅन तोच ताणून लांबवायचा नाही. महिना मिळाला असेल तर त्या महिन्यात एकच कच्चा विषय घ्यायचा. कोणाचं सीसॅट, म्हणजे पूर्वचा दुसरा पेपर, लटकलेलं असतं, २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ मार्क नुसते पास होण्यापुरते लागतात पण तिथेच कितीतरी आर्ट्सची पोरं अडकतात, त्यांनी तो महिना गणितं आणि उताऱ्यांना द्यावा. पुढे गेलेल्या परीक्षेचा निदान एवढा तरी फायदा.

आयोगाच्या तारखा तुमच्या हातात नाहीत, म्हणून स्वतःच्या काही तारखा पाहिजेत. दर रविवारी सकाळी परीक्षेच्याच वेळेला एक पेपर, घड्याळ लावून, ओएमआरवर काळे गोल करून. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वहीचं पहिलं पान उघडून वाचायचं. एवढ्या दोनच तारखा पाळल्या तरी वर्षाला काहीतरी आकार येतो, नाहीतर सोमवार काय आणि गुरुवार काय, सगळं सारखंच.

पायरी ५: टपरी, टेलिग्राम आणि आन्सर की ची रात्र

चहाची टपरी पाहिजेच, माणूस किती वेळ गप्प बसणार. पण टपरीवर दोन प्रकारचे लोक असतात. एक, चहा पिऊन, क्रिकेटवर भांडून, दहा मिनिटात परत जाणारे. दुसरे, आयोगातली आतली बातमी सांगणारे. "माझ्या मामाचा मित्र मंत्रालयात आहे, जागा वाढणारेत." यांच्याबरोबर उभं राहिलात की अर्धा तास जातो आणि रात्रीची झोप पण. टेलिग्रामवर हेच लोक हजारोंच्या चॅनेलवर असतात एवढाच फरक. चॅनेल दोन ठेवा, बाकी म्यूट नाही, थेट बाहेर.

पूर्व परीक्षा झाली त्या संध्याकाळी पेठेत कोणीच जेवत नाही. सगळ्यांच्या हातात पेपर, एका हातात मोबाईल, चार क्लासच्या चार वेगळ्या आन्सर की, म्हणजे उत्तरांच्या याद्या, एकाच प्रश्नाला एकजण दोन म्हणतो, एकजण तीन म्हणतो, चुकीला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कापला जातो त्यामुळे प्रत्येकजण कॅल्क्युलेटर काढून बसलेला. कोणीतरी ओरडतो माझे एवढे येतायत, आणि ऐकणाऱ्या दहा जणांचे चेहरे उतरतात. रात्री बारापर्यंत कट ऑफचे अंदाज सुरू होतात, हे अंदाज सांगणाऱ्यांनी पेपर दिलेला पण नसतो बऱ्याचदा.

ही रात्र अशी काढा. पेपर संपला की रूमवर पेपर ठेवून बाहेर जा, जेवा, सिनेमा बघा, सारसबागेत फिरा, झोपा. आयोगाची पहिली की आली की एकदाच, एकट्याने, चेक करा. तीन आकडे लिहा: नक्की बरोबर, नक्की चूक, वादातले. त्यावरून एक आकडा न काढता एक पट्टा काढा, कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके. मागच्या वर्षीच्या कट ऑफच्या बऱ्यापैकी वर असाल तर मुख्यचा अभ्यास दुसऱ्या दिवसापासून, बरंच खाली असाल तर आठ दिवस घरी. मधे असाल, आणि बहुतेक जण मधेच असतात, तर मुख्यचाच अभ्यास सुरू करायचा, कारण निकाल लागेपर्यंत वाट बघितली तर पास झाल्यावर दिवस उरत नाहीत आणि नापास झालात तरी तो अभ्यास कुठे जात नाही. वादातल्या प्रश्नांवर हरकत घ्यायची असेल तर पुराव्याचं पुस्तक लावून मुदतीत घ्या आणि विसरून जा. फायनल की मध्ये प्रश्न रद्द होतात, उत्तरं बदलतात, तुमच्या रात्रभर जागण्याने त्यात काही बदल होत नाही.

पायरी ६: घरचा फोन

"काय म्हणतोय अभ्यास?"
"चाललाय."
"जेवलास का?"
"हो."
"बरं."

असा फोन रोज होतो आणि रोज दोन्हीकडे टेन्शन वाढवून ठेवतो. त्या "चाललाय" मधून आईला काहीच कळत नाही, मग ती अंदाज बांधते, शेजारच्या काकू त्यात भर घालतात, आणि पुढच्या फोनवर वडील एकदम विचारतात की अजून किती दिवस. याला उपाय म्हणजे आठवड्यातून एक फोन नीट करायचा. रविवारचा पेपर झाला की त्याच दिवशी संध्याकाळी. "आई, राज्यघटनेचं पुस्तक दुसऱ्यांदा संपलं. आज टेस्ट दिली, शंभरपैकी बावन्न आले, मागच्या रविवारी सत्तेचाळीस होते. परीक्षा पुढे गेलीये, नवीन तारीख आलेली नाही, आली की मीच सांगतो." एवढं बोललात तरी पुरतं. मार्क कमी आले तरी सांगायचे. घरच्यांना वाईट बातमी चालते, काहीच न कळणं चालत नाही. आणि नापास झाल्यावर ती बातमी तुमच्याच तोंडून पहिली गेली पाहिजे, चुलतभावाने निकालाची पीडीएफ शोधून सांगायच्या आत.

नातेवाईकांचं वेगळंच. पोरगं पुण्याला गेलं की दुसऱ्या दिवसापासून पारावर "आमचे कलेक्टर साहेब" सुरू होतं. एमपीएससीतून थेट कलेक्टर होत नाही, उपजिल्हाधिकारी होता येतं, पण पाराला कोण समजावणार. मग लग्नात, सुपारीत, दहाव्याला सुद्धा, "काय, लागला का मग?" यावर चिडून उपयोग नाही आणि सगळी प्रक्रिया समजावून तर अजिबात सांगू नका, पूर्व, मुख्य, मुलाखत ऐकता ऐकता समोरचा पंगतीला निघून जातो. एकच उत्तर पाठ ठेवा, "निकाल लागला की पेढे घेऊन येतो काका, तुमचं काय, कापूस काय भाव गेला?" कापसाचा विषय निघाला की तुम्ही सुटलात.

लग्नकार्यांना जायचंच बंद करणारे पण बघितलेत. पोस्ट काढूनच तोंड दाखवीन म्हणतात. मला हे पटत नाही. दोन-तीन वर्षं सगळ्यांपासून तुटलेल्या माणसाला निकाल वाईट लागल्यावर जायला जागा उरत नाही. सख्ख्या बहिणीचं लग्न, आजीचं आजारपण, गावची जत्रा, एवढ्याला जायचंच.

पायरी ७: पैसा

रूम, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, झेरॉक्स, चहा, गावाकडचं तिकीट, सगळं धरून दहा हजारांच्या आत महिना भागवणं आता अवघड आहे. मराठा मुलांसाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय, या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या आणि विद्यावेतनाच्या जाहिराती येतात, आपल्या गटाची संस्था कोणती ते बघून तिची वेबसाइट महिन्यातून एकदा उघडत जा. बहुतेक ठिकाणी प्रवेश परीक्षा असते त्यामुळे थोडी तयारी लागते. त्याला लागणारे दाखले, नॉन क्रिमिलेयर, ईडब्ल्यूएस, यांना मुदत असते, ते वेळेत नवीन काढून ठेवा, ऐन फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सेतू केंद्रात रांगेत उभं राहून जे टेन्शन येतं ते सगळ्यात फुकटचं टेन्शन आहे.

अर्धवेळ काम करायला लाजू नका, सकाळी पेपर टाकणारे, संध्याकाळी दुकानात हिशेब लिहिणारे, ऑनलाइन पेपर तपासणारे आहेत पेठेत, आणि दर महिन्याला घरी हात पसरायचा नाही म्हटल्यावर झोप जरा बरी लागते असं तेच सांगतात. उधारीचे ॲप मात्र मोबाईलमध्ये घ्यायचेच नाहीत. पाच हजारांसाठी कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना फोन जातात, घरापर्यंत.

पायरी ८: टेन्शन आणि आजार यातला फरक ओळखा

टेन्शन सगळ्यांना असतं, ते पेपरच्या आधी वाढतं, नंतर उतरतं, मित्राशी बोललं की हलकं होतं. पण दोन आठवड्यांच्या वर झोप लागत नाहीये किंवा उठवतच नाहीये, मेसचा डबा तसाच परत जातोय, तासन् तास एकच पान उघडं आहे, घरचा फोन कट केला जातोय, अंघोळ सुद्धा नको वाटतेय, छातीत धडधड होऊन हॉलमधून उठून बाहेर यावं लागतंय, तर हा आळस नाही आणि मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून तो जाणार नाही. त्याला डॉक्टर लागतो. ससून या सरकारी हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं, खाजगी डॉक्टरएवढा खर्च येत नाही. कोणाला कळेल याची भीती बाळगू नका, उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच दिलेला आहे.

सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हा नंबर खणाच्या फळीवर लावून टाका, तुम्हाला नाही तर शेजारच्याला लागेल.

आणि रूममेटकडे लक्ष ठेवा. "माझ्यामुळे घरच्यांचे पैसे वाया गेले", "मी नसतो तर बरं झालं असतं", अशी वाक्यं कोणी बोलत असेल, अचानक नोट्स, पुस्तकं वाटून टाकत असेल, किंवा बरेच दिवस उदास असलेला माणूस एकदम शांत झाला असेल, तर त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतायत का. असं विचारल्याने विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे. उलट विचारलं की बऱ्याचदा माणूस रडतो आणि बोलतो. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, १४४१६ ला त्याच्या शेजारी बसून फोन लावा, धोका वाटला तर ११२, आणि त्याच्या घरच्या एका माणसाला कळवा. त्याने शपथ घातली असेल कोणाला सांगू नको, तरी कळवा. तो रागावेल, रागावू दे.

झोप आणि जेवणाबद्दल एकच, सात तास झोपा आणि मेसच्या पातळ भाजीवर महिने काढू नका, शेंगदाणे, केळी, अंडी, जे परवडेल ते वरून खा. रोज अर्धा तास चाला, कानात करंट अफेअर्स न लावता.

पायरी ९: दुसरी वाट पहिल्या वर्षापासूनच

प्लॅन बी म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतं की मागे परतीचा दोर ठेवला की माणूस लढत नाही. भाषणात छान वाटतं. प्रत्यक्षात दुसरी वाट असलेला पोरगा पेपरला कमी थरथरतो, हे दर परीक्षेला दिसतं.

तर काय करायचं, पदवीनंतर वर्ष रिकामं दिसणार नाही असं काहीतरी सुरू ठेवा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एमए, किंवा लॉ कॉलेजातून एलएलबी, किंवा टॅलीचा कोर्स, किंवा मराठी-इंग्रजी टायपिंगचं सरकारी सर्टिफिकेट, जे गट क च्या टायपिस्टच्या पोस्टला पण लागतं. इंजिनिअर असाल तर आपला विषय पूर्ण गंजू देऊ नका, महिन्यातले दोन दिवस त्याला द्या. शेती असेल तर हंगामाला जाऊन या, हिशेब समजून घ्या. क्लासमध्ये शिकवणं ही मात्र मला दुसरी वाट वाटत नाही, कारण त्यात माणूस त्याच गल्लीत, त्याच पोरांमध्ये, तेच विषय बोलत आणखी पाच वर्षं राहतो. हे वाचून काही सरांना राग येईल, येऊ दे.

खाजगी नोकरीच्या इंटरव्ह्यूला "इतकी वर्षं काय केलं?" विचारतातच. खोटं काही सांगू नका, कुठल्यातरी दुकानाचं अनुभवाचं पत्र आणू नका. एमपीएससी केली, एवढ्या परीक्षा दिल्या, इथपर्यंत पोचलो, आता ते बंद केलंय, असं सरळ सांगा. "आता बंद केलंय" हे स्पष्ट बोला, कारण समोरच्याला भीती एकच असते की जाहिरात आली की हा सोडून जाणार.

पायरी १०: थांबायचं ठरलं तर

वहीतल्या पहिल्या पानावरची तारीख आली आणि अट पूर्ण झाली नसेल तर थांबायचं. निकालाच्या दिवशीच निर्णय घेऊ नका, रागात घेतलेला निर्णय पुढची जाहिरात आली की मोडतो. पंधरा दिवस जाऊ द्या, मग घरी जाऊन समोरासमोर सांगा, फोनवर नको. वडील गप्प बसतील. काही वेळा दोन-तीन दिवस गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ लगेच काढत बसू नका, बऱ्याचदा ते पण सुटल्यासारखेच झालेले असतात, फक्त दाखवता येत नाही. पुढे काय करणार याचा एक कागद बरोबर न्या, महिना आणि काम लिहिलेला, मग बोलणं पुढे सरकतं.

त्यानंतर पुण्यात परत येऊन आवरायचं, आणि हे अर्धवट ठेवायचं नाही, कॉट ठेवून गावाला जाणारे परत येऊन बसतातच. रूममालकाला महिनाभर आधी सांगा नाहीतर डिपॉझिट कापतात, आणि ते खात्यावरच मागा. मेसचे भरलेले पैसे उरले असतील तर मित्राच्या नावावर करून द्या. ओरिजिनल मार्कशीट, दाखले क्लासकडे किंवा कोणाकडे जमा असतील तर आधी ते ताब्यात घ्या. चांगल्या अवस्थेतली पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातील, भाव फार मिळत नाही, त्यापेक्षा अभ्यासिकेच्या नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावा, नवीन आलेलं कोणीतरी निम्म्या किमतीत घेऊन जातं. चालू घडामोडींची मासिकं सरळ रद्दीत.